गाभ टाकणाऱ्या आणि उलटणाऱ्या म्हशी : भिवंडी–मुरबाड प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

कामाची दोन टोकं ठरली. एकीकडे भिवंडी–कल्याण पट्ट्यातले तबेले. तिथे मुऱ्हा, मेहसाणा, जाफराबादी म्हशी, बहुतेक बाहेरच्या राज्यांतून व्यायल्यावर किंवा व्यायला टेकल्यावर आणलेल्या. दुसरीकडे मुरबाड–शहापूरचे घरचे गोठे. तिथे गावठी आणि डांगी गायी, थोड्या संकरित, एखाददुसरी म्हैस. प्रश्न दोन्हीकडे तेच: गाभ का टाकते, आणि पुन्हापुन्हा का उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभ न राहता परत माजावर का येते.

नोंदवहीचे रकाने : कानातल्या बिल्ल्याचा पूर्ण १२ आकडी क्रमांक, कुठून आणि कधी आली, वेत कितवं, व्यायल्याची तारीख, वार कधी पडली, माजाच्या सगळ्या तारखा, रेतनाची तारीख आणि वेळ, कांडीचा (गोठवलेल्या वीर्याच्या नळीचा) क्रमांक, गाभ टाकला असेल तर कितव्या महिन्यात.

नमुन्याची नुसती तारीख लिहून भागणार नाही. व्यायल्यापासून, गाभ टाकल्यापासून किंवा माजापासून तो कितवा दिवस, हे शेजारी लिहायचंच. जनावर तेच, चाचणी तीच, पण दिवस चुकला की उत्तर फिरतं. किट कोणतं घ्यायचं यावर जितकी चर्चा होते, तितकी दिवसावर होत नाही. आमच्या मते क्रम उलटा हवा.

९ ऑक्टोबर

रक्ताचे नमुने, भिवंडी बाजूचा तबेला.

दावणीत म्हशी खेटून बांधलेल्या असतात, त्यामुळे मानेची शीर धरायला जागा मिळत नाही. शेपटीखालची शीर सोपी पडते. शेपूट सरळ वर उचलायची, मधल्या रेषेत दोन मणक्यांच्या फटीत २० गेजची सुई काटकोनात. मानेतून घ्यायचं असेल तर म्हशीच्या कातडीला १८ गेजच हवी. सुई प्रत्येक जनावराला नवी, यात सवलत नाही. एकाच सुईने रांग घेतली तर थायलेरिया, ॲनाप्लाझ्मा या रक्तातल्या जंतूंची वाटणी आपणच करत जातो.

स्पिरिट लावलं की ते वाळू द्यावं. ओल्यातच सुई टोचली तर स्पिरिट रक्तात मिसळून तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम (गुठळी झाल्यावर सुटणारं पिवळसर पाणी) लाल येतं. सिरिंजमधून ट्यूबमध्ये जोरात ढकलल्यानेही तेच होतं. ट्यूब लाल बुचाची, ५ ते ८ मिली. भरल्यावर तिरपी ठेवून तास-दोन तास बाहेरच्या तापमानात राहू द्यायची. लगेच बर्फात घातली तर गुठळी नीट आकसत नाही आणि सीरम कमी सुटतं. न गोठलेलं रक्त खड्ड्यांच्या रस्त्याने नेलं तर ते वाटेतच खराब होतं. म्हणून गुठळी तबेल्यातच होऊ द्यायची, शक्य असेल तर सीरमही तिथेच काढून घ्यायचं. सेंट्रिफ्यूज मिळालं तर २,५०० फेरे, १० मिनिटं. सीरमच्या दोन कुप्या : एक चाचणीला, दुसरी उणे २० अंशांवर राखीव. अख्खं रक्त मात्र असं उणे तापमानात कधीही गोठवू नये.

खोक्यातल्या बर्फाचं पाणी होतं आणि मार्करचा क्रमांक पुसला जातो. कागदी पट्टीवर पेन्सिलीने लिहून वरून पारदर्शक टेप. शेवटचे चार आकडे लिहिण्याची सवय बंद करावी. एकाच वेळी बिल्ले मारलेल्या म्हशींमध्ये ते गोंधळ घालतात.

१४ ऑक्टोबर

रोझ बेंगाल चाचणी : गाभ टाकायला लावणाऱ्या ब्रुसेला या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी सीरममध्ये आहेत का, ते पाहायची.

अँटिजन (रंगवलेल्या मेलेल्या ब्रुसेला जंतूंचं द्रावण) आणि सीरम दोन्ही फ्रीजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणले. पांढऱ्या टाइलवर ३० मायक्रोलिटर सीरम, शेजारी ३० मायक्रोलिटर अँटिजन. अँटिजनची बाटली आधी हळूच हलवायची, नाहीतर तळाशी बसलेले जंतू तळाशीच राहतात. काडीने सुमारे दोन सेंटिमीटरचं वर्तुळ करून टाइल चार मिनिटं डोलवायची आणि लगेच वाचायचं. चार मिनिटांपुढे थेंबाची कड वाळते आणि नसलेले गुलाबी कण दिसू लागतात. पंख्याखाली तर ती आणखी लवकर वाळते. प्रत्येक टाइलवर एक माहीत असलेलं पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह सीरम हवंच. गाठी पडलेल्या दिसल्या तर पॉझिटिव्ह, मग त्या कितीही बारीक असोत.

ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. वासरूपणी ब्रुसेलाची एस-१९ लस दिलेल्या कालवडीत किंवा वगारीत ती काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. यर्सिनिया एन्टेरोकोलिटिका ओ:९ हा जंतूही ब्रुसेलासारखाच प्रतिसाद देतो. म्हणून पॉझिटिव्ह सगळे एलायझा या अधिक नेमक्या चाचणीला. म्हशीसाठी किटचं माहितीपत्रक आधी वाचावं. इनडायरेक्ट एलायझातलं कॉन्जुगेट (अँटिबॉडीला चिकटून रंग दाखवणारा घटक) फक्त गायीच्या अँटिबॉडीवर बेतलेलं असेल तर म्हशीच्या सीरमवर भरवसा कमी. प्रोटीन-जी जोडलेलं कॉन्जुगेट किंवा कॉम्पिटिटिव्ह एलायझा असेल तर ही अडचण टळते.

१७ ऑक्टोबर

दुधाची रिंग चाचणी, हीही ब्रुसेलासाठीच. १ मिली दुधात ३० मायक्रोलिटर निळं अँटिजन, ३७ अंशांवर एक तास. सायीचं कडं निळं आणि खालचं दूध पांढरं असेल तर पॉझिटिव्ह. खालचं दूध निळं, कडं पांढरं तर निगेटिव्ह.

दूध त्याच दिवशी तपासू नये, रात्रभर ४ अंशांवर राहू द्यावं. गोठवू नये, तापवू नये, घुसळेल असं हलवू नये. चीक, दगडी झालेल्या सडाचं दूध आणि आटत आलेल्या म्हशीचं दूध खोटं पॉझिटिव्ह दाखवतं. तबेल्यात हे तिन्ही एकाच कॅनमध्ये जातात! म्हणून कॅन भरताना कोणत्या म्हशी त्यात आहेत ते विचारून लिहावं लागतं.

दुसरी अडचण पातळ होण्याची. शेकडो म्हशींच्या एकत्र दुधात एकीच्या अँटिबॉडी हरवतात. १५० ते ४५० जनावरांचं एकत्र दूध असेल तर १ ऐवजी २ मिली, त्यापुढे ७०० पर्यंत ३ मिली घ्यायचं. अँटिजन ३० मायक्रोलिटरच. आम्ही टाकी सोडून कॅननिहाय नमुने घेतो. निकाल आला की रांग लगेच कळते.

२७ ऑक्टोबर

कल्याण बाजूच्या तबेल्यात पहाटेच्या धारेआधी म्हशीने सातव्या महिन्यात गाभ टाकला. वार अर्धी लोंबत होती.

आधी माणसं. खांद्यापर्यंतचे हातमोजे, त्यावर साधे मोजे, गमबूट, चष्मा, एन-९५ मास्क. गरोदर बाईने या जागेजवळ येऊ नये. वारेला दगड किंवा जुनी चप्पल बांधण्याची पद्धत बंद करायला सांगितली. त्याने वार तुटते, गर्भाशय बाहेर येण्याचा धोका असतो, आणि बांधणाऱ्याचे हात उघडे असतात. उघड्या हाताने वार ओढून काढणं तर सगळ्यात वाईट. ब्रुसेला असेल तर जंतूंचा सर्वांत मोठा साठा त्या वारेत आणि गर्भजलात असतो, आणि नखाजवळची बारीक चीर त्याला पुरते.

नमुने : गर्भाच्या चौथ्या पोटातलं पाणी निर्जंतुक सिरिंजने, फुप्फुस, प्लीहा, वारेची दोन-तीन बटणं (गर्भाशयाला चिकटणाऱ्या गाठी), योनीतला स्वॅब. प्रत्येकाचा वेगळा डबा. बटणाचा ठसा काचेवर घेऊन सुधारित झील-नील्सन रंग दिला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल, बारीक, पुंजक्याने बसलेले जंतू दिसले तर संशय बळावतो, पण त्यावर शिक्कामोर्तब होत नाही, कॉक्सिएला हा दुसरा जंतूही तसाच दिसतो. बाकीचे तुकडे बर्फात, औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पीसीआर आणि संवर्धनासाठी.

गाभ टाकला म्हणजे ब्रुसेलाच, असं धरून चालू नये. या जिल्ह्यात पाऊस संपता संपता लेप्टोस्पायरा विसरता येत नाही. तबेल्यात उंदीर आहेत, साठलेलं पाणी आहे. आयबीआर (हर्पिस गटातला विषाणू), निओस्पोरा, लिस्टेरिया, बुरशी लागलेला पेंढा, आणि कुठलाही जोराचा ताप : थायलेरिया, घटसर्प, लाळ्या खुरकुत. वळू लागत असेल तर ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर, पण ते बहुधा लवकरच्या महिन्यांत गाभ घालवतात किंवा नुसतं उलटवतात. ब्रुसेला सहाव्या महिन्यापुढे. म्हणून महिना विचारणं ही पहिली चाचणी.

विल्हेवाट : गर्भ, वार आणि खालचा पेंढा खोल खड्ड्यात, खाली-वर चुना, वर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी माती. शेणाबरोबर नाल्यात सोडलं तर कुत्रे आणि कावळे ते बाजूच्या दोन तबेल्यांत पोचवतात. जागा धुताना आधी पाइपचा फवारा मारायचा नाही, तुषार उडतात आणि श्वासातून जातात. शेण-रक्त खरवडून काढायचं, बादलीने धुवायचं, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, अर्धा तास. शेणावरच क्लोरीन ओतलं तर ते शेणातच संपतं.

गड्यांना एकत्र बसवून सांगितलं : धारोष्ण दूध पिणं आजपासून बंद, उकळूनच. चढता-उतरता ताप, रात्री घाम, कंबर-सांधे दुखी असेल तर दवाखान्यात “म्हशींमध्ये काम करतो, ब्रुसेला तपासा” हे स्वतःहून म्हणायचं. टायफॉइड किंवा मलेरिया समजून औषधं दिली जातात, ताप उतरतो आणि पुन्हा येतो. याचा उपचार आठवड्याचा नसतो. दोन औषधं मिळून सहा आठवडे, आणि मध्येच सोडला की आजार उलटतो.

म्हशीचं आजचं सीरम : रोझ बेंगाल निगेटिव्ह.

२८ ऑक्टोबर

तबेल्याच्या शेठना निगेटिव्ह निकालाने हायसं वाटलं. त्यांना तसं वाटू देणं बरोबर नव्हतं. व्यायच्या किंवा गाभ टाकायच्या आसपास रक्तातल्या अँटिबॉडी कमी पडतात, कारण त्या चिकात उतरतात, आणि ताज्या संसर्गात तर अजून तयारच झालेल्या नसतात. हा निगेटिव्ह “अजून माहीत नाही” इतकाच धरायचा. २१ दिवसांनी पुन्हा रक्त.

तोवर ती म्हैस वेगळी कुठे बांधायची? तबेल्यात रिकामी खोली नाही. उतार पाहिला. गव्हाणीमागची मोरी ज्या दिशेने वाहते, त्या शेवटच्या टोकाला तिला हलवली, म्हणजे तिच्याखालचं पाणी दुसऱ्या कुणाच्या खुराखालून जात नाही. धार सगळ्यांच्या शेवटी, बादली वेगळी. पुढे असं जनावर निघालं तर आधी मोरीचा उतार पाहावा, मग जागा ठरवावी.

५ नोव्हेंबर

उलटणाऱ्या म्हशी. व्याख्या पाळायची : माज नियमित, सोट (माजाचा चिकट स्राव) वरून स्वच्छ, तपासणीत दोष नाही, आणि तीन किंवा अधिक रेतनं वाया. माजच न दाखवणारी म्हैस या यादीत घालायची नाही, तिचा प्रश्न वेगळा.

व्हाइट साइड चाचणी केली. माजाच्या दिवशीच, रेतनाआधी, शीथच्या नळीने गर्भाशयमुखाजवळचा सोट. १ मिली सोट, १ मिली ५ टक्के कॉस्टिक सोडा, उकळीपर्यंत गरम, मग नळाखाली थंड. रंग आला नाही तर ठीक, फिकट पिवळा म्हणजे थोडी सूज, पिवळा मध्यम, गडद पिवळा जास्त. गर्भाशयात पांढऱ्या पेशी जितक्या जमलेल्या, तितका रंग गडद. काचेसारखा लोंबणारा सोटही पिवळा होताना दिसतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. माज उतरल्यावर घेतलेल्या सोटात रक्ताचा अंश असतो, तो रंग बिघडवतो. ते नमुने टाकून द्यावेत.

पिवळं आलं की लगेच गर्भाशयात अँटिबायोटिक भरण्याची घाई नको. संवर्धन आणि कोणतं औषध लागू पडतं ते आधी. औषध दिलं तर त्या म्हशीचं दूध ठरलेले दिवस विक्रीला जाऊ नये.

मूळ कुठे आहे तेही दिसतं. पारडू मेलेलं असतं, म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून ऑक्सिटोसिन हे पान्हा सोडवणारं संप्रेरक टोचलं जातं. जनावराला अपाय होईल असं काही दूध वाढवण्यासाठी टोचणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. आमच्या नोंदीपुरतं : रोजच्या इंजेक्शनवर असलेल्या म्हशीच्या माजाच्या तारखा जुळतीलच असं नाही, म्हणून तिची नोंद वेगळ्या खुणेने.

१८ नोव्हेंबर

२७ ऑक्टोबरच्या म्हशीचं दुसरं रक्त. रोझ बेंगाल पॉझिटिव्ह, चौथ्या मिनिटाची वाट न बघता. राखीव कुपी काढून पहिलं सीरम त्याच टाइलवर पुन्हा लावलं : निगेटिव्ह. दोन्ही एलायझाला पाठवली. जोडीतली दोन्ही सीरम एकाच दिवशी, एकाच अँटिजनने शेजारी शेजारी तपासावी, म्हणजे फरक जनावराचा की बाटलीचा हा वाद राहत नाही.

२१ नोव्हेंबर

मुरबाड तालुका, ब्रुसेलाच्या लसीकरणाबरोबर. केंद्राचा लाळ्या खुरकुत आणि ब्रुसेलोसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात एस-१९ लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांनाच, आयुष्यात एकदा. गोऱ्ह्याला नाही, वृषणदाह होतो. गाभणीला नाही, गाभ टाकू शकते. आठ महिन्यांपुढे दिली तर अँटिबॉडी रेंगाळतात आणि मोठेपणी आजारी कोण, लसवाली कोण हे ओळखणं अवघड होतं.

वय कोण सांगणार? घरात तारीख लिहिलेली नसते, सण लक्षात असतो. म्हणून आजच्या तारखेला हिशेब मांडून ठेवला. शिमग्याची कालवड आठ महिने ओलांडून गेली, नको. गुढीपाडव्याची (३० मार्च) अजून आठाच्या आत, आजच द्यावी. अक्षय्य तृतीया आणि वटपौर्णिमा, चालेल. नागपंचमीची (२९ जुलै) चार महिन्यांना आठवडाभर कमी, पुढच्या फेरीला. गणपतीतली फार लहान. हे विचारलं की उत्तर चटकन येतं, आणि “चार-पाच महिन्यांची असेल” या अंदाजापेक्षा भरवशाचं असतं.

लस जिवंत आहे. २ ते ८ अंश, विरघळवली की सावलीत आणि बर्फावर, तासाभरात संपवायची. उरली तर ब्लीचिंगमध्ये. चष्मा, मोजे, वासरू दोघांनी धरलेलं. स्वतःला सुई टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर धुऊन थेट डॉक्टरकडे, आणि “एस-१९” हे नाव सांगायचं. त्यावरून औषध ठरतं.

तबेल्यांपर्यंत यातलं काही पोचत नाही. तिथे वगारी वाढवल्याच जात नाहीत. तिथली म्हैस प्रौढ होऊनच ट्रकमधून उतरते. तिला लस मिळाली असेल तर ती तिच्या जन्मगावी. भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत बिल्ल्याचा क्रमांक टाकून लस दिसते का ते उतरवतानाच पाहता येतं, आणि हे काम दोन मिनिटांचं आहे. आम्ही तबेल्यांना हेच आधी करायला सांगतो.

४ डिसेंबर

माज आणि रेतन.

म्हशीचा मुका माज ही या पट्ट्यातली मोठी गळती. बांधलेली असल्याने दुसरीवर चढत नाही. सोट सहसा लोंबत नाही, बसल्यावर शेपटीमागे थोडा पडतो. वारंवार थोडी थोडी लघवी, सड तट्ट, दूध अचानक कमी. रात्री उशिरा आणि पहाटे हे जास्त दिसतं. म्हणून निरीक्षण पहाटेच्या धारेआधी, शेण काढण्यापूर्वी. शेण काढलं की सोटाचा पुरावा गेला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

कांड्या ठेवायचं द्रव नायट्रोजनचं भांडं : पातळी भरीव पट्टीने मोजावी, पोकळ नळी घातली तर द्रव उसळून अंगावर येतो. भांड्याच्या गळ्याबाहेर दव गोठलेलं दिसलं तर भिंतींमधली निर्वात पोकळी गेली आहे, भांडं बदला. कांडी काढताना कॅनिस्टर (कांड्यांचा डबा) गळ्याच्या काठाखालीच ठेवायचा. वर धरून क्रमांक वाचत बसलं तर बाकीच्या कांड्याही मरतात, आणि त्या पुढच्या महिन्यात दुसऱ्या म्हशीला लागतात. वितळवणं ३७ अंश, ३० सेकंद, थर्मामीटरनेच. कांडी कोरडी पुसायची, पाण्याचा थेंब शुक्राणूंना घातक. थंडीच्या पहाटे रेतनाची गन आधी हातात घासून कोमट करावी.

काही म्हशींचं रेतनाच्या दिवशीचं रक्त प्रोजेस्टेरॉनसाठी (माजात खाली असणारं संप्रेरक) घेतलं. १ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर म्हैस त्या दिवशी माजावर नव्हतीच. अशी म्हैस “उलटली” म्हणून लिहिली जाते आणि दोष तिच्या गर्भाशयाला किंवा कांडीला लागतो.

उलटण्याचे दिवस मोजले की बरंच कळतं. १८ ते २४ दिवसांनी परत माज : फलन झालंच नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला. २५ ते ४० : गर्भ राहिला होता, नंतर गेला. सतरा दिवसांच्या आत : दोनपैकी एक माज चुकीचा ओळखलेला. ४२ च्या आसपास : मधला माज नजरेतून सुटला. नुसतं “तीनदा उलटली” लिहिलेल्या कार्डावरून यातलं काहीही काढता येत नाही.

१७ डिसेंबर

निवडक म्हशींवर ओव्हसिंक सुरू, म्हणजे संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी बीजांड ठरल्या वेळी सुटेल अशी पद्धत. आज बुसेरेलिन १० मायक्रोग्रॅम. २४ ला क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम. २६ ला संध्याकाळी पुन्हा बुसेरेलिन १०. २७ ला सकाळी, १६ ते २० तासांनी, माज दिसो न दिसो, रेतन.

आधी गाभण तपासणी सक्तीची, क्लोप्रोस्टेनॉल गाभ पाडतं. ते औषध कातडीतूनही शिरतं. गरोदर बाई किंवा दमेकऱ्याने बाटली हाताळू नये. सगळी इंजेक्शनं खोल मांसात. लठ्ठ सुई वापरली तर औषध भोकातून परत येतं आणि पुढचं सारं वेळापत्रक फुकट जातं.

फासळ्या दिसणाऱ्या म्हशी गटात घेतल्या नाहीत. भाताच्या पेंढ्यावर पोसलेल्या जनावराला फॉस्फरस कमी पडतो आणि पेंढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यांना आधी रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून, हिरवी वैरण. संप्रेरकं नंतर.

५ जानेवारी २०२६

३ ला पौष पौर्णिमा, म्हसा यात्रेचा बाजार. जनावरं बदलणार, म्हणून मुरबाडच्या गोठ्यांना आधीच सांगितलेलं : नवीन आणलेलं निदान २१ दिवस वेगळं, गोचीड काढून, मगच दावणीला.

गावातल्या वळूची तपासणी. आठवडाभर तो लावला नव्हता. शिस्नाच्या आवरणात निर्जंतुक सलाइन सोडून चोळून परत घेतलं. ट्रायकोमोनासचा नमुना बर्फात ठेवायचा नाही, गारठ्याने परजीवी मरतो आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. शेजारचं ब्रुसेलाचं सीरम मात्र बर्फात. एकाच फेरीत दोन खोकी लागतात, त्यावर ठळक लिहावं.

२० जानेवारी

पॉझिटिव्ह म्हशींचं काय करायचं, यावर तबेल्यांत बैठक. २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार ब्रुसेला हा सरकारला कळवण्याचा रोग आहे, कळवलं. उपचार करत नाही, जंतू पेशींच्या आत लपतो, म्हैस बरी दिसते आणि पुढच्या वेताला पुन्हा जंतू सोडते. “भाकड झाली की ती जाणारच, डॉक्टर,” असं एक शेठ म्हणाले. धोका तिथेच आहे. ती गावाकडे गाभण करायला गेली तर तिथल्या कोऱ्या गोठ्यात व्यायते. पॉझिटिव्ह म्हैस प्रजननासाठी विकायची नाही, हे लेखी घेतलं. तिच्या कार्डावर लाल पट्टी, आणि नोंद बिल्ल्याच्या क्रमांकाला जोडलेली, कार्ड हरवलं तरी टिकावी म्हणून.

१० फेब्रुवारी

२७ डिसेंबरच्या रेतनांना ४५ दिवस. सोनोग्राफीने हृदयाचे ठोके पाहिले. हाताने तपासून खात्री मात्र ६० दिवसांनीच करणार, घाईने चाचपताना पातळ पडद्याला धक्का लागतो.

२५ फेब्रुवारी

६० दिवस. ४५ ला गाभण आणि आज रिकाम्या निघालेल्या म्हशींचं रक्त घेतलं, तीन आठवड्यांनी पुन्हा. त्यांच्या कार्डावर “उलटली” लिहायचं नाही, “गर्भ गेला” लिहायचं.

गाभणींच्या खुंटीवर तीन तारखा रंगवल्या. जूनअखेर : सहावा महिना भरला, इथून पुढे मागून पाणी किंवा वार दिसली तर उघड्या हाताने शिवायचं नाही, मोजे आणि चुना आधीच आणून ठेवायचा, पावसात चुना ओला होतो म्हणून बंद पिंपात. २ नोव्हेंबर : ३१० दिवस, व्यायची तारीख. २३ नोव्हेंबर : व्यायल्यावर २१ दिवसांनी रक्त.